शेवटची दोन मिनिटं माझी

४ जून

दादा,

तुझा पत्ता लेखक संघटनेच्या कार्यालयातून मिळवला. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, "सख्ख्या भावाचा पत्ता आमच्याकडे मागताय?" मी म्हटलं, "सख्ख्यांचेच पत्ते हरवतात हो." तो हसला, मीही हसले आणि जिना उतरताना मधल्या पायरीवर बसले. गुडघे दुखतात, असं स्वतःला सांगितलं.

संघटनेचं त्रैमासिक तुझ्याकडेही आलं असेल. साठ पटकथालेखकांना एकच प्रश्न विचारलाय: दुसऱ्याने लिहिलेला कोणता चित्रपट आपण लिहिला असता तर, असं वाटतं? इस्त्रीवाल्याकडे कपडे तयार होईपर्यंत मी तो अंक चाळत उभी होते. लेखक एकमेकांची निंदा करतात ती ऐकायला कंटाळा येतो, पण हेवा करतात तेव्हा फार गोड दिसतात. एकाने लिहिलंय, ज्यात म्हातारा पूर्ण वेळ एक दार दुरुस्त करतो तो चित्रपट. मी असते तर दुसऱ्याच सीनला दाराबाहेर कुणालातरी आणून उभं केलं असतं.

आणि सत्तेचाळिसाव्या पानावर तू. चारच ओळी.

"माझ्या बहिणीने लिहिलेला कोर्टातल्या टायपिस्टचा चित्रपट मला लिहायला आवडला असता. सगळा, फक्त शेवटची दोन मिनिटं नाहीत, तिथे तिने घाई केली. त्यातला साक्षीचा सीन पाहिला आणि मी लिहिणं थांबवलं. तक्रार नाही, थांबायचं कधी ते कळणंही चांगलंच."

सतरा वर्षांनी बोललास, तेही छापून. इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, भावाने कौतुक केलंय."

घाई केली म्हणे! मला घाईबाई हे नाव तूच ठेवलंस आणि शाळेपासून सगळ्यांना पुरवलंस, आता लेखकांच्या पंक्तीतही वाढलंस. असू दे. तू लिहिणं सोडलंस हे मला माहीत होतं. कशामुळे, ते नव्हतं. वहिनीच्या माहेरगावी काही कामधंदा जमला म्हणून गेलास, अशी माझी समजूत होती. तशी समजूत करून घेणं मला सोयीचंही होतं.

साठपैकी अकरा जणांनी तोच चित्रपट निवडलाय. त्यामुळे सप्टेंबरात सत्कार आहे, पटकथेचं पुस्तकही निघणार. बाकी माझं बरं चाललंय. त्यानंतरचे सात चित्रपट तू पाहिले नसशील. कुणीच पाहिले नाहीत.

तुझं काय चाललंय ते लिही. लिहावंसं वाटलं तर.

घाईबाई


२१ जून

दादा,

उत्तर आलं. पाकिटावर वहिनीचं अक्षर पाहून जीव धसकला. तू सांगत गेलास आणि वहिनीने लिहिलं, हे दुसऱ्या ओळीत कळलं, आणि का, ते चौथ्या ओळीत. साखरेने डोळे खाल्ले. उजवा पूर्ण गेला आणि डाव्याला माणसांचे नुसते आकार दिसतात. आणि मला त्याचा पत्ताही नाही.

"मार्चमध्ये ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं. आंधळ्याने गाडी शिकवावी हे विमा कंपनीला पटेना," हे वाक्य वाचून मी हसले आणि मग माझीच मला लाज वाटली. सोळा वर्षं बाजूच्या सीटवर बसून पायाशी दुसरा ब्रेक घेऊन लोकांना शिकवलंस. अरे, आपण दोघांनी मिळून लिहिलेल्या चार चित्रपटांत तरी तू वेगळं काय केलंस? मी सुसाट सुटायचे आणि तू नेमक्या वळणावर दाबायचास. तो ब्रेक होता म्हणून ते चार चित्रपट जिवंत राहिले. नंतरचे सात भिंतीवर जाऊन आपटले.

तू लिहिलंस, "तू मोठी झालीस, वेळ मिळत नसेल, मी समजू शकतो." असं लिहू नकोस रे.

आता तुझा प्रश्न. साक्षीचा सीन कसा सुचला? तू तो इतका नेमका सांगितलास की वहिनीच्या अक्षरातसुद्धा मला तुझा आवाज ऐकू आला. जिने तीस वर्षं कोर्टात इतरांच्या जबान्या टाइप केल्या, ती आज स्वतःच साक्षीच्या पिंजऱ्यात उभी आहे. तोंडातून शब्द फुटत नाही. न्यायाधीश दोनदा विचारतात. मग पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर तिची बोटं चालायला लागतात. कुणाच्याच लक्षात येत नाही. फक्त तिच्या जागी बसलेली नवी मुलगी त्या बोटांकडे बघते, यंत्रात कागद सरकवते आणि टाइप करायला लागते.

"काकूंची बोटं मीही पाहिली होती," असं तू लिहिलंस. हो, आपण दोघांनीही पाहिली होती. खालच्या मजल्यावर राहणारे काका आपल्याला पटकथा शिकवायचे, पेन्सिलने लिहायचे आणि लिहिलेलं अर्धं खोडायचे. त्यांच्या पाठीमागे आपण त्यांना खोडरबर म्हणायचो. आणि काकू कोर्टात दिवसभर टाइप करून दमून यायच्या, टेबलाशी बसून आपली बडबड ऐकायच्या, आणि ऐकता ऐकता त्यांची बोटं टेबलावर सगळं टाइप करत राहायची.

तर सुचलं ते बसमध्ये. खिडकीशी बसले होते, पुढच्या सीटच्या दांडीवर कुणा बाईची बोटं हलत होती. काकू आठवल्या, आणि घरी येईपर्यंत सीन तयार. इतकंच. यात जादू काही नाही, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तुलाही सुचला असता.

संघटनेचा रोज फोन येतो. समारंभात काचेखाली ठेवायला माझ्या हातचा पहिला खर्डा हवाय. घर बदलताना गहाळ झाला म्हणून सांगितलं. ते म्हणतात, शोधा.

डोळ्यांना जप. हे वाक्य किती निरुपयोगी आहे ते लिहून झाल्यावर कळलं, पण खोडत नाही.

घाईबाई


३ जुलै

दादा,

मागच्या पत्रातली बस खोटी होती.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. "बसमध्ये सुचलं, वा!" म्हणालास. "आता मी पडल्या पडल्या तो सीन पुन्हा रचून बघतो, बसपासून सुरुवात करून," म्हणालास. ज्याच्या डोळ्यांपुढे आता दुसरं काही नाही, तो माणूस माझ्या खोट्या बसमध्ये बसून फिरतोय. मला हे सहन होत नाही.

तो चित्रपट काकांचा आहे. काकू गेल्यावर त्यांनी तो एका वहीत लिहिला, पेन्सिलने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कुणाला दाखवला नाही. शेवटच्या आजारात, तू बाहेरगावी शूटिंगला होतास तेव्हा, त्यांनी ती वही माझ्याकडे दिली, आपल्या दोघांसाठी म्हणून. तीन दिवसांनी ते गेले. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. मी ती वही अकरा दिवसांत माझ्या अक्षरात उतरवली आणि तुझ्यापुढे ठेवली.

तुला तो दिवस आठवतो का? तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत होतास. शेगडीवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि तुझी नजर पानावरून हलली नाही. वाचून झाल्यावर तू विचारलंस, "हे तू लिहिलंस?"

मी "हो" म्हटलं.

त्यानंतर मी हजारो संवाद लिहिले, दादा. एवढा छोटा आणि एवढा महाग एकही नाही. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, मग ओट्यावरचं दूध पुसून काढलंस आणि बाहेर गेलास.

काकांच्या वहीत शेवट वेगळा होता. न्यायाधीश म्हणतात, "नोंद काढून टाका, साक्षीदार काही बोललेली नाही." नवी मुलगी तो कागद यंत्रातून काढते आणि कोरा घालते. टायपिस्ट पिंजऱ्यातून उतरते, सवयीने आपल्या जुन्या खुर्चीकडे जाते. खुर्चीवर ती मुलगी बसलेली. ती तशीच उभी राहते. संपलं. मला तो शेवट झेपला नाही. लोक हिरमुसून घरी जातील असं वाटलं. म्हणून मी तो कागद न्यायाधीशांना मोठ्याने वाचायला लावला, गुन्हेगाराला शिक्षा केली, टाळ्या घेतल्या.

शेवटची दोन मिनिटं माझी. तेवढीच माझी. आणि साठ लेखकांत ती खटकली फक्त तुला.

तुझी बहीण


९ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. चहा झाल्यावर मी नेहमीसारखं वाचायला घेतलं. "मागच्या पत्रातली बस खोटी होती," एवढं वाचलं आणि हे हसले. म्हणाले, "मला वाटलंच, हिला बसमध्ये खिडकी कधी मिळते?" तेवढ्यात माझी नजर पुढच्या ओळींवर गेली. चष्मा पुसायच्या निमित्ताने आत गेले आणि उभ्यानेच सगळं वाचलं. बाहेर येऊन सांगितलं की पुढची पानं पाकिटात नाहीत, घालायची राहिली असतील. ह्यांनी लगेच विश्वास ठेवला. "घाईबाईच ती," म्हणाले.

अठरा वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी एवढं मोठं खोटं बोलले नव्हते. ते तुम्ही बोलायला लावलंत.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तुमचा चित्रपट सांगायचे. सिग्नलला गाडी उभी राहिली की सुरू. "माझ्या बहिणीने लिहिलाय." निम्म्या गावाने तो ह्यांच्या तोंडून ऐकून पाहिला. एकदा मी विचारलं होतं, तुम्ही का नाही लिहीत आता? तर म्हणाले, घरात एक खरा लेखक असला की पुरे.

मी औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठीवर डॉक्टरची सही नसेल तर साधी झोपेची गोळी देत नाही. तुमच्या ह्या कागदावर कुणाची सही आहे, आणि मी तो ह्यांना का पाजावा? स्वतः या. समोर बसून सांगा. यायचं नसेल तर पुन्हा लिहू नका, मी ह्यांना सांगेन तुम्ही परदेशी गेलात.

वहिनी


१३ जुलै

वहिनी,

येते. अठ्ठावीसला निघते. त्याआधी संघटनेला लेखी कळवायचंय, तेवढं उरकू द्या. ते उरकलं नाही तर तुमच्या दारात येऊनही मी निम्मंच सांगेन, मला माहीत आहे.

कारण त्या पत्रातही मी निम्मंच सांगितलं. तुम्ही ते उभ्या उभ्या वाचलंत, तुम्हाला कळायचं कारण नाही. "आपल्या दोघांसाठी" असं मी लिहिलं. काका तसं म्हणाले नव्हते.

दवाखान्यात दुपारची वेळ होती. मी संत्रं सोलत होते. काकांनी उशीखालून वही काढली. म्हणाले, "ही तुझ्या भावाला दे." मी म्हटलं, "मी वाचू का?" "वाच की. पण द्यायची त्याला." मला ते लागलं, आणि चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "रागावू नकोस. तू लिहिशील चांगलं, लोकांना आवडेल असं लिहिशील. पण हे त्याला कळेल."

मी ते संत्रं त्यांना भरवलं. शेवटच्या फोडीपर्यंत. मग दवाखान्याच्या जिन्यात बसून वही वाचली आणि काका म्हणाले ते खरं आहे हे तिथेच कळलं. मला त्यातलं निम्मं कळलंच नव्हतं. दादाला कळलं असतं.

देणार होते मी, वहिनी. दादा शुक्रवारी परतला. आल्या आल्या आमच्या चौथ्या चित्रपटातला माझा आवडता सीन कापायला हवा म्हणाला. आमचं वाजलं. मी म्हटलं, आज नाही देत, उद्या देते. दुसऱ्या दिवशी काकांना जाऊन आठवडा झाला म्हणून तो रडत होता, तेव्हा वाटलं आता कशाला. मग एका दिग्दर्शकाने विचारलं, तुझं एकटीचं काही आहे का? एकटीचं! हा शब्द ऐकायची मी किती वर्षं वाट बघत होते ते त्याच क्षणी कळलं.

चोरी करायची असं मी एकाही दिवशी ठरवलं नाही. रोज फक्त "आज नको" म्हटलं.

दादाने काही विचारलं असतं, भांडला असता, तरी मी कबूल केलं असतं. तो मला वंदन केल्यासारखा बाजूला झाला. मग मी तुमच्याकडे येणंच बंद केलं. त्याच्या डोळ्यांतलं ते कौतुक मला बघवेना. आता ते डोळेच गेले, आणि मला यायला सांगताय.

येते.


२ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही विचारलंत, त्या खोलीत काय झालं. दादा काही बोलत नाही, म्हणालात. वही उशाशी घेऊन बसतो आणि विचारलं की "नंतर" म्हणतो. तुम्ही मुद्दाम दुकानात गेलात, आम्हाला एकटं सोडलंत. तेव्हा सांगणं माझं काम.

तुम्ही गेल्यावर दादा म्हणाला, "तू दाराकडे तोंड करून का बसलीस? इकडे वळ, निदान आकार तरी बघू दे." मी वळले. म्हणाला, "जाड झालीस." मग मी सांगायला लागले. दवाखान्यापासून. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. बोलणं संपल्यावर बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दोनदा बंद पडली. दादा सवयीने म्हणाला, "क्लच सोडतोय लवकर."

मग म्हणाला, "काकांचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मी सांगितले.

"त्याला कळेल, असं म्हणाले?"

"हो."

"परत म्हण."

मी परत म्हटलं. तो हसला, वहिनी. शाळेत पहिला नंबर आल्यावर हसायचा तसा. क्षणभरच. मग चेहरा हळूहळू बदलत गेला.

म्हणाला, "मी सतरा वर्षं काय समजत होतो सांगू? आपण दोघं एकाच टेबलावर बसलो, एकच चहा प्यायलो, काकूंची बोटं दोघांनी पाहिली. मला नुसती बोटं दिसली आणि हिला चित्रपट दिसला. म्हणजे देवाने लेखक कुणाला केलंय ते उघड आहे. मग आपण कशाला मध्ये लुडबुड करायची? म्हणून उठलो." आणि म्हणाला, "म्हणजे तुलाही नुसती बोटंच दिसली होती."

मी म्हटलं, "दादा, मला शिव्या दे. हाकलून दे."

"त्याने तुला बरं वाटेल," तो म्हणाला. "मला नाही."

मी रडायला लागले. तो माझं रडणं थांबेपर्यंत थांबला. काकांनी शिकवलेलं तसं: पात्र रडत असताना दुसऱ्याने बोलू नये.

मग जे म्हणाला ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, कारण हे त्याने तुम्हालाही सांगितलं नसेल. "चित्रपट गेला त्याचं जाऊ दे. तो काकांचा होता, काकांनाच परत मिळेल. माझं लिहिणं गेलं, त्यातही तुझा निम्माच दोष. बाकीचा माझ्या भित्रेपणाचा. खरा लिहिणारा असा एका सीनने उठून जात नाही. पण मला आनंद होता गं. गाडी शिकवताना, दुकानाच्या रांगेत, डोळे जायला लागले तेव्हा दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो तिथेसुद्धा. माझी बहीण असं लिहू शकते, याचा. हेवा थोडा होता, आनंद जास्त होता. तो आनंद मी आता कुठे ठेवू ते सांग."

 

वही मी पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उघडली, पानांवरून बोटं फिरवली, नाकाशी धरली. म्हणाला, "वाच." मी एक वाजता सुरुवात केली. जेवायला थांबू का विचारलं तर नको म्हणाला. मी घाईने वाचायला लागले की तो मांडीवर हात आपटायचा, मी हळू व्हायचे. साक्षीचा सीन त्याने दोनदा वाचून घेतला. शेवट वाचून झाला, ती आपल्या खुर्चीजवळ उभी राहते तिथपर्यंत, तेव्हा साडेचार वाजले होते. त्याने मान खाली घातली होती. मला वाटलं झोपला.

"असंच असणार," म्हणाला. "मला माहीत होतं असंच असणार. दुसरं काही होऊच शकत नाही तिथे."

काका बरोबर होते.

मग म्हणाला, "आता तू जा. ती यायच्या आत जा. तिला तुझ्यावर ओरडायचंय, आणि मला आज ओरडणं ऐकवणार नाही." मी वाकून पायांना हात लावायला गेले तर त्याने पाय मागे घेतले. रागाने नाही. हळूच, लहान मूल मांजरापासून घेतं तसे. मी पाचची बस पकडली.

तुम्ही आलात तेव्हा मी नव्हते, म्हणून तुम्हाला वाटलं मी पुन्हा पळाले. या वेळी नाही, वहिनी. हे पत्र त्याच्यासमोर वाचायला हरकत नाही. त्यात त्याला माहीत नसलेलं काहीच नाही.


१९ नोव्हेंबर

दादा,

त्या दिवसानंतर तुझं पत्र नाही, आणि मी ते मागत नाही. फक्त जे झालं ते तुला इतरांकडून कळू नये म्हणून लिहिते.

सत्कार रद्द झाला. संघटनेच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. दोन जणांनी खुर्च्या मागे सरकवल्या, एक बाई रडली, अध्यक्षांनी पाणी मागवलं. माझं सदस्यत्व काढून घेतलंय, ते योग्यच आहे. दिग्दर्शकाने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चुकीचंही नव्हतं. पुस्तक निघतंय. वर काकांचं नाव, आत काकांचा शेवट. वहीवरून मजकूर उतरवायला संघटनेचा माणूस तुझ्याकडे आला होता आणि वहिनीने त्याला वही घराबाहेर नेऊ दिली नाही, चार दिवस तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसवून उतरवून घेतलं, असं तो सांगत होता. प्रत्येक पान तू ऐकून तपासलंस म्हणे, आणि दोन ठिकाणी स्वल्पविरामावरून त्याच्याशी भांडलास. तो फार खूश होता. म्हणाला, "तुमचे बंधू पुन्हा का लिहीत नाहीत?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा. त्याने विचारलं होतं. तू म्हणे त्याला पुढचं पान वाचायला सांगितलंस.

मी सध्या मालिकांचे संवाद तपासते, नावाशिवाय. काम बरं आहे. दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करताना तुझा ब्रेक आठवतो.

वहिनीने रविवारी फोन लावला. "देते," म्हणाली आणि तिच्या पावलांचा आवाज दूर गेला.  तुझा श्वास ऐकू येत होता. लहानपणी झोपेत घ्यायचास तसाच, नाकात किंचित अडकणारा. मी दोनदा "दादा" म्हटलं. तुमच्याकडे मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. माझ्याकडे खिडकीखाली कुणीतरी भांडत होतं, तेही तुला ऐकू गेलं असेल. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं, सहा मुद्दे. एकही बोलले नाही.

शेवटी तू म्हणालास, "ठेवतो."

मी म्हटलं, "बरं."

आणि तू ठेवला नाहीस. तिसरी शिट्टी झाली, वहिनीने गॅस बंद केला, भांडणारे निघून गेले, आणि तू तिथेच होतास.